हिसका

डीव्हीडी आल्या तेव्हा हॅनकॉकच्या ग्रंथालयाने
जुन्या कॅसेटी विकायला काढल्या, पंचवीस सेंटला एक.
साइमा कोस्केलाने तीन घेतल्या.
मधमाश्या पाळणं. छपराची गळती.
तिसरीचं लेबल सोललेलं,
'तंत्र' एवढाच शब्द शिल्लक.
तिला वाटलं, इंजिनाचं असेल.
ती शाळेची बस चालवायची.

तळघरात, भट्टीच्या शेजारी,
कपडे धुण्याच्या यंत्रावर टीव्ही ठेवलेला.
समोर आम्ही तिघी: मी, मार्लीस
आणि हेल्मी, जिच्या घरी संध्याकाळी कुणी नसायचं.
पडद्यावर करड्या उजेडात
एक बाई जमिनीवर बसून श्वास सोडत होती,
एवढंच, बराच वेळ.
निवेदकाचा आवाज फाटका.
आधी कुणीतरी बूट काढून फेकले, तो सांगत होता,
मग दुसरीने पडण्याचा शोध लावला.
पडणं काय शोधायचं, मार्लीस म्हणाली,
आमच्या पायऱ्यांवर या म्हणावं, बर्फ आहे.

साइमा हसली नाही.
ती मोजे काढून त्या गार फरशीवर बसली,
बावन्नाव्या वर्षी,
आणि बाईसारखी आतून दुमडली.
पोटात गुद्दा बसलाय असं समजा, ती म्हणाली,
पण मारणाऱ्याला तुम्ही माफ केलंय.

बाईचा उजवा हात आमच्या डावीकडे,
म्हणून आमचा डावा.
कॅमेरावाल्याला चेहरे आवडायचे.
ऐन उडीत तो हनुवटीपर्यंत जवळ सरकायचा,
पाय कुठे टेकले, देव जाणे.
मग पाय आम्हीच ठरवले.
साइमाने क्लच आणि ब्रेकवरून अंदाज बांधला.

आणि हात वर जाता जाता एका जागी
फीत अडकायची.
बाई डाव्या खांद्यातून थरथरून
वीतभर खाली यायची,
मग पुन्हा वर, काही झालंच नाही अशी.
तेही शिकलो.
तेच जास्त शिकलो, पुन्हा पुन्हा मागे नेऊन,
आणि मागे नेऊ तसा हिसका वाढत गेला.
मार्चपर्यंत बाई तिथे दोनदा थरथरू लागली.
आम्हीपण दोनदा.

एप्रिलमध्ये यंत्राने फीत खाल्ली.
मासा साफ करताना आतडं धरावं
तसा तो तपकिरी गुंता हातात धरून
साइमा उभी राहिली.
मग म्हणाली, उद्यापण सहालाच या.

अकरा वर्षांनी, शिकागोत, खऱ्या लाकडी जमिनीवर
सगळा वर्ग खिडकीकडे वळला
आणि मी भिंतीकडे.
हात वर गेला. खांदा दोनदा थरथरला.
पियानो थांबला.
बर्निस हॅथवे, वय एकोणऐंशी, हातात काठी;
तरुणपणी त्या पहिल्या बायांच्या मागे
तिसऱ्या रांगेत उभ्या राहिलेल्या.
हे कुणाकडून शिकलीस?
साइमा कोस्केला, मी म्हटलं.
बाईंनी नाव शोधलं
पहिल्या पिढीत, मग दुसऱ्या पिढीत.
डोळे मिटून शोधलं. सापडलं नसणार.
तरी मान डोलावली, ओळख पटल्यासारखी.
पुन्हा कर, म्हणाल्या, सावकाश.
मी केलं,
आणि काठीवरचा त्यांचा खांदा
किंचित, एकदाच,
कदाचित माझा भास.

रात्री साइमाला फोन लावला.
पियानो, जमीन, काठी, सगळं सांगितलं.
ती ऐकत होती, मध्येच खोकली.
आणि पाय? तिने विचारलं.
आपले पाय बरोबर होते का?
जवळपास, मी म्हटलं.
जवळपास, ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ फोनमधून
भट्टी पेटल्याचा आवाज येत राहिला.